‘तुझं उत्तर काय आलं?’ : एका प्रश्नाचा शंभर वर्षांचा इतिहास

१/ शेवटची घंटा होते, उत्तरपत्रिका गोळा होतात, दालनाचे दार उघडते आणि बाहेरच्या पायऱ्यांवर लगेच कुणीतरी विचारते, ‘तिसऱ्या उताऱ्यातल्या त्या प्रश्नाचं तुझं उत्तर काय आलं?’ परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला हा क्षण ठाऊक आहे. आज या धाग्यात आपण या क्षणाचा इतिहास पाहणार आहोत. क्षेत्र एकच घेऊ : अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीची ‘सॅट’ परीक्षा आणि मुख्यतः तिच्यातील वाचन-आकलनाचा भाग.

२/ उत्तरे ताडून पाहणे हा रिकामटेकडा उद्योग वाटतो. घरची मंडळीही सांगतात, ‘झालं ते झालं, पुढच्या पेपरचं बघ.’ परंतु या कुजबुजीमागे एक गंभीर प्रश्न उभा आहे. बरोबर उत्तर कोणते, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? आणि ज्याचे भवितव्य त्या उत्तरावर ठरते, त्याला ते पाहण्याचा अधिकार आहे की नाही? अमेरिकेत पन्नासहून अधिक वर्षे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच होते.

३/ प्रथम सॅटपूर्वीचा काळ पाहू. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील नामांकित महाविद्यालये आपापली स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेत. एकाच विद्यार्थ्याला दोन महाविद्यालयांसाठी दोन वेगळ्या तयाऱ्या कराव्या लागत. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९०० मध्ये ‘कॉलेज एन्ट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड’ स्थापन झाले. जून १९०१ मध्ये त्याची पहिली सामाईक परीक्षा झाली. परीक्षार्थी होते अवघे ९७३.

४/ ती परीक्षा दीर्घोत्तरी होती. इंग्रजीसाठी ठरावीक ग्रंथ नेमलेले असत. जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ ही कादंबरी आणि एडमंड बर्कचे अमेरिकेशी समेट करण्याविषयीचे भाषण ही त्यांतील परिचित नावे. त्यामुळे परीक्षेनंतर उत्तर ताडून पाहायचे तर पुस्तक उघडले की झाले. निर्णयाचा आधार विद्यार्थ्याच्या हाताशी होता. मात्र ज्या शाळांत हे ग्रंथ वर्षभर घोटून घेतले जात, त्या मुख्यतः ईशान्येकडील श्रीमंतांच्या खासगी शाळा होत्या, हेही विसरून चालणार नाही.

५/ चित्र बदलले ते पहिल्या महायुद्धाने. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि लाखो नव्या सैनिकांची प्रतवारी करण्याचे काम मानसशास्त्रज्ञांकडे आले. रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली ‘आर्मी अल्फा’ आणि, इंग्रजी वाचता न येणाऱ्यांसाठी, ‘आर्मी बीटा’ या चाचण्या तयार झाल्या. सुमारे साडेसतरा लाख माणसांची बुद्धी काही मिनिटांत मोजल्याचा दावा करण्यात आला. या कामात प्रिन्स्टनचे एक तरुण मानसशास्त्रज्ञ होते : कार्ल ब्रिघम.

६/ ब्रिघम यांनी १९२३ मध्ये या चाचण्यांच्या आकड्यांवर एक ग्रंथ लिहिला. उत्तर युरोपीय वंशाचे लोक बुद्धीने श्रेष्ठ आणि इतर स्थलांतरित कनिष्ठ, असा त्याचा निष्कर्ष होता. स्थलांतरितांवर कडक निर्बंध घालणारा १९२४ चा कायदा ज्या वातावरणात संमत झाला, त्याला अशा लेखनाने बळच दिले. पुढे १९३० मध्ये ब्रिघम यांनी आपले हे निष्कर्ष निराधार असल्याचे स्वतःच छापून मान्य केले. चूक कबूल करणारा हा विद्वान विरळा खरा. पण तोवर त्यांनी तयार केलेली दुसरी वस्तू रुजली होती.

७/ ती वस्तू म्हणजे ‘स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट’. २३ जून १९२६ रोजी ती प्रथम घेतली गेली. परीक्षार्थी ८,०४०, प्रश्न ३१५ आणि वेळ ९७ मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला वीस सेकंदही नाहीत! नऊ विभागांत शब्दांच्या व्याख्या, विरुद्धार्थी शब्द, शब्दसंबंध, एक कृत्रिम भाषा, अंकमालिका आणि परिच्छेद-वाचन यांचा समावेश होता. आज ज्याला आपण वाचन-आकलन म्हणतो, त्याचे बीज त्या शेवटच्या विभागात आहे.

८/ येथे एक मूलभूत बदल झाला. नेमलेला ग्रंथ गेला आणि अनोळखी उतारा आला. तो उतारा प्रश्नपत्रिकेसोबतच परत जाई, म्हणून बाहेर आल्यावर ताडून पाहायला पुस्तक उरले नाही. उरली ती केवळ आठवण. १९४२ मध्ये युद्धकाळामुळे बोर्डाच्या जुन्या दीर्घोत्तरी परीक्षा बंद पडल्या आणि सॅट हाच मुख्य दरवाजा ठरला. १९४७ च्या अखेरीस परीक्षा चालवण्यासाठी ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’, म्हणजे ‘ईटीएस’, ही स्वतंत्र संस्था उभी राहिली.

९/ प्रश्नपत्रिका गुप्त ठेवण्यामागे निव्वळ अहंकार नव्हता. कारण तांत्रिकही होते. १९४१ च्या एप्रिलमधील परीक्षार्थींची सरासरी ५०० धरून २०० ते ८०० ही मोजपट्टी स्थिर करण्यात आली. पुढच्या प्रत्येक परीक्षेचे गुण त्या पट्टीशी जुळवायचे, तर काही प्रश्न जुन्या आणि नव्या अशा दोन्ही परीक्षांत समान ठेवावे लागतात. समान प्रश्नांवरील कामगिरीवरून नवी प्रश्नपत्रिका सोपी की अवघड, हे कळते. ते प्रश्न फुटले तर मोजपट्टीच वाकते. संस्थेची ही अडचण खरी होती.

१०/ तरीही गुप्ततेची हद्द पाहा. १९५८ पर्यंत विद्यार्थ्याला त्याचे स्वतःचे गुणसुद्धा कळवले जात नसत. गुण थेट शाळेकडे आणि महाविद्यालयाकडे जात. ज्याच्याविषयी निर्णय व्हायचा, तोच त्या पत्रव्यवहारात तिऱ्हाईत होता. १९५८ पासून गुण मिळू लागले. प्रश्न आणि उत्तरे मात्र कुलपातच राहिली.

११/ याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे एक गमतीदार वाद रंगला. १९५९ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ या वृत्तपत्रात एका वाचकाने शालेय चाचणीतील प्रश्न कळवला : क्रिकेट, फुटबॉल, बिलियर्ड्स आणि हॉकी यांत वेगळा खेळ कोणता? बिलियर्ड्स, कारण तो घरात खेळतात. नाही, फुटबॉल, कारण त्यात चेंडू मारायला काठी वा बॅट लागत नाही. नाही, क्रिकेट, कारण बाकी तिन्ही खेळांत चेंडू जाळ्यात किंवा खिशात जायला हवा. वृत्तपत्राच्या वाचकांनी परीक्षेबाहेरच्या पायऱ्यांवरील दृश्यच पत्रांच्या रकान्यात उभे केले.

१२/ हा वाद अमेरिकेत पोहोचवला बानेश हॉफमन यांनी. ते गणिताचे प्राध्यापक आणि एकेकाळचे आइन्स्टाइन यांचे सहकारी. १९६२ मध्ये त्यांचे ‘द टिरनी ऑफ टेस्टिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचा मुद्दा असा : बहुपर्यायी प्रश्न वरवर विचार करणाऱ्याला सोयीचा असतो, कारण त्याला अपेक्षित उत्तर चटकन दिसते. खोल विचार करणाऱ्याला दुसऱ्या पर्यायातील तथ्यही दिसते, तो अडखळतो आणि गुण गमावतो. आपण तो पर्याय का निवडला, हे सांगण्याची जागाच उत्तरपत्रिकेत नसते.

१३/ वाचन-आकलनात ही अडचण सर्वाधिक जाणवते. तेथे सूचनाच ‘सर्वांत योग्य पर्याय निवडा’ अशी असते. म्हणजे दुसरा पर्याय पूर्ण चूक असतोच असे नाही; तो फक्त कमी योग्य असतो. लेखकाचा सूर ‘साशंक’ की ‘सावध’, हे ठरवताना दोन हुशार मुलींचे मतभेद होऊ शकतात आणि दोघींकडे उताऱ्यातील पुरावा असू शकतो. परीक्षेनंतरची सर्वांत लांब भांडणे गणितावर न होता उताऱ्यांवर होतात, त्याचे कारण हेच.

१४/ आता या कुजबुजीला व्यवसाय आणि ज्ञान यांचे रूप देणारा माणूस पाहू. स्टॅन्ली कॅप्लन, जन्म १९१९, न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन. ज्यू कुटुंबातील हा मुलगा सिटी कॉलेजात उत्तम गुणांनी शिकला, पण वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याला प्रवेश नाकारला. त्या काळी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर अनेक ठिकाणी अघोषित मर्यादा असे. कॅप्लन यांनी आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवण्या सुरू केल्या. १९४६ मध्ये एक विद्यार्थिनी सॅटची तयारी करून मागायला आली आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले.

१५/ प्रश्नपत्रिका तर कुठेच मिळत नव्हत्या. मग कॅप्लन यांनी एक साधी युक्ती केली. परीक्षा संपली की विद्यार्थ्यांसाठी ‘सुटलो एकदाचे’ अशा नावाची पिझ्झा-मेजवानी ठेवायची. मुले खाता खाता सवयीप्रमाणे उत्तरे ताडून पाहू लागत. हा प्रश्न असा होता, तो शब्द तसा होता. कॅप्लन आणि त्यांचे सहकारी ऐकत आणि टिपून ठेवत. जगभर वाया जाणाऱ्या त्या गप्पा ब्रुकलिनमध्ये अभ्यासाचे साधन बनल्या.

१६/ संस्थेची अधिकृत भूमिका होती की ही परीक्षा जन्मजात वा दीर्घकाळात घडलेली क्षमता मोजते, शिकवणीने तिच्यात विशेष फरक पडत नाही. कॅप्लन यांच्याकडे येणारी मुले बहुधा स्थलांतरितांची आणि मध्यमवर्गीय होती. त्यांचा अनुभव वेगळा होता. अखेरीस केंद्रीय व्यापार आयोगाने चौकशी केली. १९७९ च्या अहवालात शिकवणीमुळे भाषा आणि गणित या दोन्ही भागांत सुमारे २५ गुणांची वाढ होऊ शकते, असे आढळले. वाढ चमत्कारिक नव्हती, पण शून्यही नव्हती.

१७/ त्याच वर्षी खरा घाव पडला. न्यूयॉर्क राज्याचे सिनेटर केनेथ लाव्हॅले यांनी मांडलेला ‘परीक्षेतील सत्य’ कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९८० पासून लागू झाला. त्याचा गाभा एका वाक्यात : निकालानंतर विद्यार्थ्याने मागितल्यास त्याला प्रश्न, बरोबर उत्तरे आणि त्याची स्वतःची उत्तरे दाखवावी लागतील. पायऱ्यांवरील प्रश्नाला प्रथमच कायद्याचे पाठबळ मिळाले.

१८/ विरोधही जोरदार झाला. प्रत्येक वेळी नवे प्रश्न तयार करण्याचा खर्च वाढेल, शुल्क वाढेल, परीक्षेच्या तारखा कमी होतील, मोजपट्टी बिघडेल, असे युक्तिवाद झाले. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना स्वामित्वहक्काचा मुद्दा घेऊन न्यायालयात गेली आणि आपल्या प्रवेश परीक्षेपुरती कायद्याची अंमलबजावणी रोखण्यात तिला यश आले. सॅट मात्र टिकली. कुलूप उघडल्याने आभाळ कोसळले नाही.

१९/ उलट लवकरच एक वेगळीच गोष्ट उघड झाली. ऑक्टोबर १९८० च्या सॅट-पूर्व परीक्षेत भूमितीचा एक प्रश्न होता. एक पिरॅमिड चौरस पायाचा, दुसरा त्रिकोणी. सर्व त्रिकोणी पृष्ठे समभुज आणि एकसारखी. दोन त्रिकोणी पृष्ठे एकमेकांना तंतोतंत चिकटवली, तर बाहेर किती पृष्ठे राहतील? संस्थेचे उत्तर होते सात. फ्लोरिडातील एका सतरा वर्षांच्या मुलाने पाच निवडले होते. प्रश्नपत्रिका परत मिळाल्यावर त्याने प्रतिकृती करून आपल्या अभियंता वडिलांना पटवले. जोडल्यावर दोन ठिकाणी शेजारची पृष्ठे एकाच पातळीत येतात, म्हणून उत्तर पाचच.

२०/ मार्च १९८१ मध्ये ही बातमी देशभर झाली आणि सुमारे २ लाख ४० हजार विद्यार्थ्यांचे गुण वाढवावे लागले. पुढच्याच वर्षी, मे १९८२ च्या सॅटमध्ये, एका वर्तुळाभोवती फिरणाऱ्या लहान वर्तुळाच्या प्रश्नात दिलेल्या पाचही पर्यायांत बरोबर उत्तर नव्हतेच. संस्थेची सूची म्हणत होती तीन, खरे उत्तर होते चार. तीन विद्यार्थ्यांनी पत्रे लिहिली. तो प्रश्न वगळून सुमारे ३ लाख मुलांचे गुण पुन्हा काढावे लागले. कायदा नसता, तर या चुका कुणाच्या ध्यानात आल्या असत्या?

२१/ भूमितीत कागद दुमडून सिद्ध करता येते. शब्दांचे काय? सॅटमधील एक शब्दसंबंध गाजला : धावपटू जसा मॅरेथॉनशी, तसा वल्हे मारणारा कशाशी? उत्तर ‘रेगाटा’, म्हणजे नौकांची शर्यत. ज्याच्या वस्तीत नदीकाठी क्लब आणि नौका असतात, त्या मुलाला हा शब्द घरीच मिळतो. इतरांना तो परीक्षेतच प्रथम भेटतो. ही तर्कशक्तीची परीक्षा की परिसराची, हा आक्षेप वर्षानुवर्षे होत राहिला. १९९४ मध्ये विरुद्धार्थी शब्द आणि २००५ मध्ये शब्दसंबंध सॅटमधून गेले. भर उताऱ्यांवर आला.

२२/ मग उतारे तरी वाचनच मोजतात का? प्रश्न उघडपणे उपलब्ध झाल्यामुळे संशोधकांना हे तपासता आले. १९९० मध्ये जॉर्जियातील मानसशास्त्रज्ञ स्टुअर्ट कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना सॅटचे आकलनावरील प्रश्न दिले, पण उतारे दिलेच नाहीत! पाच पर्यायांत निव्वळ अंदाजाने पाचांत एक उत्तर बरोबर यावे. प्रत्यक्षात प्रमाण त्याहून बरेच अधिक आले. प्रश्नांची भाषा, पर्यायांची घडण आणि सामान्यज्ञान यांवरून मुले उत्तर हुडकत होती. ज्या मुलांनी असे प्रश्न शेकड्याने सोडवलेत, त्यांना हा वास अधिक लवकर येतो, हे सांगायला नकोच.

२३/ आपल्याकडचा संदर्भही येथे लक्षात घ्यावा. उत्तर प्रदेशातील वैद्यकीय प्रवेश चाचणीत उत्तरसूचीच पाठ्यपुस्तकांशी विसंगत निघाली, तेव्हा विद्यार्थी न्यायालयात गेले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कानपूर विद्यापीठाच्या त्या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि उत्तरसूची प्रसिद्ध करण्याची सूचना केली. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने माहिती अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. आज आपण प्रवेश परीक्षेनंतर तात्पुरत्या उत्तरसूचीवर हरकत नोंदवतो, तेव्हा त्यामागे हा संघर्ष उभा असतो.

२४/ इंटरनेट आल्यावर पायऱ्या जगभर पसरल्या. न्यूयॉर्कमधील मुलगी सोलमधील मुलाशी उत्तर ताडून पाहू लागली. पण एकाच प्रश्नपत्रिकेचा पुन्हा वापर होत असेल, तर ही मैत्रीपूर्ण चर्चा आणि प्रश्नफुटी यांतली रेषा पुसट होते. प्रश्न फुटल्याच्या संशयावरून मे २०१३ मधील सॅट दक्षिण कोरियात देशभर रद्द करावी लागली. प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलांनाही त्याचा फटका बसला. संस्थेची जुनी भीती अगदीच खोटी नव्हती, हेही इतिहासाने दाखवले.

२५/ यावरचा उपाय २०२४ मध्ये पूर्णपणे अमलात आला. अमेरिकेत सॅट संगणकावर गेली. वाचन आणि लेखन मिळून ६४ मिनिटांत ५४ प्रश्न. लांब उतारे संपले. आता २५ ते १५० शब्दांचा एक तुकडा आणि त्यावर एकच प्रश्न. पहिल्या टप्प्यातील कामगिरीवरून दुसऱ्या टप्प्याची काठिण्यपातळी ठरते. शेजारी बसलेल्या दोघांच्या पडद्यावर वेगवेगळे प्रश्न असतात. प्रश्न आणि उत्तरे मागवून पाहण्याची पूर्वीची सेवाही या नव्या स्वरूपात राहिलेली नाही.

२६/ म्हणजे शंभर वर्षांचा प्रवास पाहा. १९०१ मध्ये उत्तर पुस्तकात होते. १९२६ नंतर ते कुलपात गेले. १९८० मध्ये कायद्याने ते विद्यार्थ्याच्या हाती आले आणि एका मुलाने कागदी पिरॅमिडच्या बळावर तज्ज्ञांना चूक मान्य करायला लावली. आज प्रत्येकाची प्रश्नपत्रिकाच निराळी असल्याने ताडून पाहण्यासारखे सामाईक काही उरत नाही. प्रश्नफुटी अवघड झाली, हा लाभ मोठाच आहे. पण १९८१ सारखी चूक पुन्हा झाली, तर ती कोण आणि कशाच्या आधारे दाखवणार?

२७/ परीक्षा घेणाऱ्यांना मोजपट्टी सुरक्षित हवी आणि देणाऱ्यांना ती तपासता यायला हवी. दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि इतिहासात त्यांचा तोल कधी या बाजूला, कधी त्या बाजूला झुकत आला आहे. तेव्हा पुढच्या वेळी परीक्षेबाहेर कुणी ‘तुझं उत्तर काय आलं?’ असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. आणि आपले उत्तर सूचीशी जुळत नसेल, तर लगेच खचूही नका. आधी उतारा पुन्हा एकदा नीट वाचा.

धागा समाप्त. तुमच्या कोणत्या परीक्षेत उत्तरसूचीच चुकलेली निघाली होती? प्रतिसादात जरूर सांगा.